ज्या गावचं कार्ड

१ ऑक्टोबर
मदतनिसांचं मानधन वाढलं! यशोधरा अंगणवाडीतून आली ती दारातूनच सांगत आली. साडेपाच हजारांचे साडेसात. पाच वर्षं झाली सुनेला या कामाला — घरोघर फिरून पोरं गोळा करायची, खिचडी शिजवायची, कुणाचं हगलं-मुतलं धुवायचं. आज पहिल्यांदा स्वतःला चपला घ्यायचं बोलली. मी म्हटलं, दोन जोड घे.
"आबा, पाय दोनच हायेत मला."
राजरत्नला आळेफाट्याला फोन केला. गॅरेजात ठोकाठोक चाललेली, पोराला काही ऐकू गेलं नाही. तरी 'बरं बरं' म्हणाला.

३ ऑक्टोबर
वाडीत लोक फार गोड बोलायला लागलेत. पाच वर्षांपूर्वी ही जागा निघाली तेव्हा लंकाबाई चारचौघांत म्हणाली होती, "माझी सून बारावी शिकल्याली हाय. इंद्रायणी काय लोकांच्या पोरांची ढुंगणं धुवायला जायची न्हाई." तीच आज यशोधरेला वाटेत थांबवून विचारत होती — काम लई पडतं का गं? सुट्टी कधी आस्ती?
गूळ दिसला की मुंगळा येतोच. असो. वाईट कशाला चिंतायचं.

५ ऑक्टोबर
लंकाबाई अर्ज लिहून घ्यायला आली होती. वाडीत कुणाचाही अर्ज असो, माझ्याच ओट्यावर येतो. शाळा दुसरीपर्यंत, पुढचं सगळं पुड्यांच्या कागदांवर शिकलो. पण अर्ज असा लिहितो की साहेबानं सरळ बसून वाचावा. आधी सगळी अक्षरं, मग पट्टी धरून डोक्यावर एकसलग रेघ.
काम तिच्या भाचीचं. जुन्नरकडं कुठंतरी अंगणवाडीवर बाहेरगावची बाई घेतलीय, भाचीचा हक्क डावलला. "त्या बाईचं रेशनकार्डच दुसऱ्या गावचं हाय, भाऊ. न्येम काय सांगतो?"
नियम मला पाठ. मदतनीस त्याच गावची रहिवासी पाहिजे. गावाचं आणि बाईचं नाव मोकळं सोडा म्हणाली, भाचीला विचारून भरते. सोडलं. शेवटी पदरचं एक वाक्य घातलं — 'ज्या गावचे कार्ड, त्या गावचा माणूस. कार्डच खरे धरले नाही तर गरिबाने दाखवावे काय?'
लंकाबाईनं ते दोनदा वाचायला लावलं. पैसे मी घेत नाही. धरणातले दोन मासे ठेवून गेली. कालवण झकास झालं.

९ ऑक्टोबर
शिनोलीला धान्य आणायला गेलो. राजरत्न तिथं खोली घेऊन राहायचा, तेव्हा मीच सगळ्यांचं कार्ड शिनोलीला वळवलं होतं. एस.टी.चा भरवसा नाही, तोच धान्य घेऊन यायचा. खोली सुटली, कार्ड राहिलं तिथंच.
रेशन दुकानातले दलीचंद शेट पोतं मोजता मोजता हळूच म्हणाले, "आबा, दोन माणसं आली होती. तुमच्या कार्डावर कुणाकुणाची नावं आहेत, विचारत होती."
"कशापायी?"
"ते नाही सांगितलं. सुनेचं नाव मात्र दोनदा विचारलं."


१२ ऑक्टोबर
आमच्या दाराचा कुणीतरी मोबाईलवर फोटो काढून गेलं. आम्ही घरातच होतो.

१६ ऑक्टोबर
तालुक्याहून यशोधरेच्या नावानं पत्र आलं. ती या गावची रहिवासी नाही अशी तक्रार आहे, बावीसला कागदपत्रांसह हजर राहावे. तिनंच वाचून दाखवलं. पाकिटात दोन कागद होते, वाचला एकच. दुसरा घडी करून कमरेला खोचला.
"तो कसला गं?"
"तसलाच हाय, आबा. तुमी जेवून घ्या."
तिला बाराखडी मी शिकवली नाही, पण अर्जाची भाषा मीच शिकवली. माझ्यापासून कागद लपवायची पहिलीच वेळ.

१८ ऑक्टोबर
कुणी केलं असेल? माणसं डोळ्यांपुढून एकेक जातात. कुणाच्या पोराचा दाखला मी लिहिलाय, कुणाच्या विधवेची पेन्शन. कुणावर बोट ठेवू?
लंकाबाईकडं गेलो. म्हटलं तिच्या भाचीचं असंच प्रकरण, काय निकाल लागला तो तरी कळेल. ती दारात जाळं सोडवत बसलेली.
"भाचीचं काय झालं गं?"
"कंची भाची?" म्हणाली. मग मान खाली घालून, "हां, ती व्हय... झालं की तिचं."
इंद्रायणी आतून बाहेर आली, मला बघून परत आत गेली.
परतताना चढ संपेना. का ते लिहवत नाही.

२२ ऑक्टोबर
सुनावणी. यशोधरेनं नव्या चपला घरीच ठेवल्या, जुन्या तुटक्या घालून आली. "साहेबाला वाटंल, वाढ झाली तर माज आला." वाढीव मानधन अजून हातात पडलेलंही नाही.
साहेबांनी अर्ज मोठ्यानं वाचला. ज्या गावचे कार्ड, त्या गावचा माणूस... माझंच वाक्य. यशोधरा समोरच्या भिंतीकडं बघत होती.
"कार्ड शिनोलीचं आहे, हे खरं का?"
"खरं हाय, साहेब. पर ऱ्हाते मी वाडीतच. पोरांच्या आयांना इचारा."
मी उठलो. म्हटलं, साहेब, कार्ड मी वळवलं. आणि तो अर्जही मीच लिहिलाय, नावं मोकळी सोडून.
साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. माणूस वाईट नव्हता. "बाबा, कुणी लिहिलं याला महत्त्व नाही. लिहिलंय ते खरं आहे का, एवढंच मला बघायचंय."
एस.टी.त ती खिडकीशी बसली. मी मागच्या बाकावर बसलो.

५ नोव्हेंबर
पत्र आलं. यशोधरेनं पातेली घासून पालथी घातली आणि किल्ली देऊन आली. चार पोरं तिच्या मागं घरापर्यंत आली होती.

६ नोव्हेंबर
पट्टी चुलीत घालावी म्हणून शोधली. सापडेना.

७ नोव्हेंबर
इंद्रायणी सकाळपासून ओट्यावर बसलीय, कोरा कागद घेऊन. मदतनिसाच्या जागेसाठी अर्ज. यशोधरेनं तिला पाणी दिलं, आत आली, आणि पट्टी माझ्यापुढं ठेवली.
मी विचारलं, तुला कधी कळलं?
"नोटीस आली त्याच दिशी. दुसरा कागद त्यो अर्जच व्हता. पट्टीची रेघ मी वळखत न्हाई व्हय?"
मग बोलली का नाहीस?
"बोलले आस्ते तर तुमी परत कुणाचाच अर्ज लिव्हला नसता, आबा."