दंडातली गाठ

४ जून

ति. मावशीस,
सा. न. वि. वि.

इंजेक्शन म्हटलं की घाम फुटून चक्कर येणारी तू, आता दर आठवड्याला सांध्यांच्या औषधाची ती चाचणीतली नवी पट्टी स्वतःच दंडावर लावतेस, हे वाचून हसू आलं. पण आज वेगळंच लिहायचंय. पट्टीवरच्या बारीक सुया कातडीत विरघळतात, औषध पोचतं, हे खरं. पण वर्षानुवर्षं लावल्यावर आत काय होतं, हे कुणी पाहिलेलं नाही. सध्या माझं काम तेच आहे. पट्टीखालच्या कातडीचे तुकडे आमच्या प्रयोगशाळेत येतात; त्यांतल्या काहींत भिंगाखाली सुयांचे कण तसेच उरलेले दिसले, भोवती सूज. साहेब म्हणतात, तुकडे थोडे आहेत आणि चाचणीतल्या एकाचीही तक्रार नाही; घाई नको. तू दंड चाचपून बघशील?

काकांना नमस्कार.
तुझी ठमी

१५ जून

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

चाचपायला कशाला हवं? गाठ आहे, वाटाण्याएवढी, हिवाळ्यापासून. डॉक्टरीणबाई दर खेपेला विचारतात, मी काही नाही म्हणते. सांगितलं तर चाचणीतून काढतील. गोळ्या मला सोसत नाहीत, इंजेक्शनचं तू जाणतेस. पट्टीमुळे माझी बोटं वळायला लागली, मी पुन्हा शिवणयंत्रावर बसले. नाहीतर काका माझी वेणी घालायचे, तीही वाकडी. साहेबांच्या कानावर यातलं काही घालू नकोस, तुला माझी शपथ.

तुझी मावशी

२३ जून

ति. मावशीस,
सा. न. वि. वि.

शपथ पाळते. पण साहेबांच्या ‘एकाचीही तक्रार नाही’मध्ये तू आहेस. त्या भरवशावर उद्या ही पट्टी लहान मुलांच्या दंडावरही बसेल. मी सांगणार नाही, तूच सांग. रागावलीस तर सोसेन.

ठमी

१९ जुलै

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर काकांचं आहे, मी सांगतेय. पट्टी बंद झाली आणि बोटं पुन्हा आखडली.

आठवडाभर तुझ्यावर धुमसले, मग दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी गाठ दाबून पाहिली आणि आधी का बोलला नाहीत म्हणून विचारलं. मी खरं ते सांगितलं. दार उघडंच होतं. बाहेर आले तर बाकावरच्या एका बाईनं बाही वर सारली आणि माझा हात धरून आपल्या दंडावर ठेवला. तसाच वाटाणा. मग तिच्या शेजारणीनंही बाही सारली. दोघींना घेऊन मी परत आत गेले. आता सगळ्यांचेच दंड तपासणार आहेत.

माझ्या गाठीचा तुकडा काढलाय. तो तुमच्याकडेच येईल म्हणतात, त्यावर नाव नसतं. बरंच आहे. मावशीचा असेल म्हणून डोळे भरून आले, तर तुला भिंगातून दिसायचं काय?

लोभ आहेच, वेगळा मागत नाही.
मावशी