गूळ-पाण्यानंतरची दहा मिनिटं

बाई,

१. अल्सरसाठी तुमच्या जठराचा मोठा भाग काढला.
२. पंधरवड्यात लघवीतली साखर गेली. अंग तेव्हा होतं तेवढंच होतं.
३. वजन नंतर उतरत गेलं.
४. शाळेत तुम्हांला घाम सुटू लागला, हात थरथरू लागले.
५. चार वर्षांनी रक्त कमी होऊन तुम्ही गेलात.

दुसरं कलम मला अजून सुटलेलं नाही. धाराशिवकडच्या वाशीत, तुमच्या स्वयंपाकघरात स्पिरिटच्या दिव्यावर तुमच्या लघवीची परीक्षानळी मी, तुमची विद्यार्थिनी, धरायची. आधी त्यातलं निळं द्रावण तापून साखरेमुळं विटकरी व्हायचं. ऑपरेशननंतर निळंच राहिलं. "बाई, बारीक झाल्यावर साखर जायला हवी होती ना?" "हवी होती. पण ती तेवढं थांबली नाही. का, ते तू शोध." आज धाराशिवला दवाखान्याच्या प्रयोगशाळेत मी काम करते, ते त्या वाक्यामुळं.

उन्हातून तुम्ही शाळेत आलात की गूळ-पाणी द्यायचं काम माझं. थोड्या वेळानं तुम्ही फळ्याला टेकायचात. शिपाईणबाई ओरडायच्या, "पोरी, अजून गूळ आण की! लई वाळल्यात बाई, जीव घाबरा व्हायलाय त्यांचा." मी आणायची. एकदा मला रडू आलं, तर रागावलात: "रडतेस काय? घड्याळ बघ." मी वेळा लिहिल्या. गूळ-पाणी, दहा मिनिटांनी घाम. पुन्हा गूळ-पाणी, पुन्हा घाम. ती वही तुम्ही वाचलीत, मिटलीत, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या हातून पुन्हा गूळ-पाण्याचा पेला घेतलात.

गेल्या आठवड्यात माकणीचे एक शेतकरी दाखल झाले. तसंच ऑपरेशन झालेले, तसाच घाम. बायको गूळ-पाणी पाजते आहे. मी घड्याळ दाखवून तिला थांबवते. जठर फारसं उरलं नाही की गोड पाणी थेट आतड्यात उतरतं आणि त्यानंच घाम सुटतो, हे सांगते. डॉक्टरांनी विचारलं, कुठं कळलं? पुस्तकात, असं मी म्हणाले. ते खरं नव्हतं.

त्या शेतकऱ्याच्या बायकोनं मात्र निराळंच विचारलं. "ताई, पावण्याच्या घरी म्होरं ठिवलेलं गूळ-पाणी न्हाय कसं म्हनावं?" तेच मी तुम्हांला विचारते आहे.

तुम्ही गेलात ते गुळानं नव्हे, हे मी जाणते. वही वाचल्यावर तुम्हांला कळलं होतं का? कळलं होतं, तर माझ्या हातचं का घेत राहिलात? हे पत्र पेटीत पडणार नाही. तरी ते नवरा-बायको शनिवारी गावी जातील; त्यांना काय सांगू, ते शुक्रवारपर्यंत कळवा.