नळ कोणाच्या नावावर?

अहो,

तुम्हाला जाऊन वर्ष व्हायला आलं आणि मी आज लिहायला बसलेय ती नळापायी! हसू नका. चार दिवस घरात पाण्याचा टिपूस नव्हता.

पूर्वी तुम्ही अंगणाच्या गडग्याशी उभं राहून ओरडायचात, "अरे सदा, आमचं पाणी कुठं गडप केलंस?" की काम भागायचं. व्हॉल्व्ह सोडणारा तोच सदा आता म्हणतो, "काकी, माझ्या हातात काय नाय. मोबाइलवर तक्रार आली तरच फिरवायचं." व्हॉल्व्हपाशी उभा असलेला माणूस मोबाइलची वाट बघतो! काय समजायचं?

नळ तुमच्या नावावर, नोंदवलेला मोबाइल नंबरही तुमचाच. म्हणून तुमचा फोन अजून चार्ज करून ठेवते. त्यावरूनच तक्रारीचा नंबर लावला. आतली बाई गोड आवाजात म्हणाली, "नळधारकाचं नाव सांगा."

आता कसं सांगू? उभ्या जन्मात उखाण्याशिवाय घेतलंय का मी तुमचं नाव? म्हटलं, "आमचे हे." "नाव आढळलं नाही." म्हटलं, "मेधाचे बाबा." तरी नाही! शेवटी लाजत लाजत उखाणाच घेतला:

मांडवीच्या बंदराला लाटांची रांग,
वसंतरावांचं नाव घेते, आता तरी पाण्याचं सांग!

"कृपया थोडक्यात बोला." मेल्या यंत्राला हौस म्हणून नाही!

मग दार लोटून घेतलं आणि नुसतं म्हटलं, "वसंत." राव नाही, काही नाही. कसंसंच झालं हो. ती लगेच, "नमस्कार वसंतजी, आपणच बोलताय ना?" माझी धांदल उडाली, "हो" म्हणून बसले! हे पाप झालं का? की नवऱ्याचं राहिलेलं काम बायकोने केलं, एवढंच?

संध्याकाळी पाणी आलं. पाठोपाठ फोनवर निरोप, "वसंतजी, आपली समस्या सुटली का?" मी पायरीवर बसून रडले. तुमची सुटली हो. माझं काय?

मेधा मुंबईहून रोज कान खाते, "आई, बाबांचं नाव काढ, नळ तुझ्या नावावर कर. नाहीतर एक दिवस कनेक्शनच तोडतील." लेकीचं खोटं नाही. पण रेशनकार्डावरून तुम्ही गेलात, विजेच्या बिलावरून गेलात. नळावरूनही काढलं, तर तुम्हाला नावाने हाक मारणारं कोण उरलं? सासूबाई नाहीत, भावजी नाहीत. राहिली ती फोनमधली बाई!

तर ऐका. सोमवारी जाऊन नळ माझ्या नावावर करून घेते. आणि शब्द देते, रोज पाणी आलं की मीच मोठ्यांदा सांगेन, "वसंत, पाणी आलं!" शेजाऱ्यांना काय वाटायचं ते वाटो.

तुम्हीही जन्मभर 'अगं ऐकलंस का'वरच भागवलंत. कधी स्वप्नात आलात तर नावाने हाक मारा. विसरला असाल, म्हणून खाली लिहिते.

सुमन