मलकपेठची इंदुताई

५ जून
हैदराबादला आले आणि चक्क खूश आहे. विद्यानगरचा फ्लॅट हवेशीर आहे, ईशाला जवळच शाळा मिळाली, सारंग नोकरीसाठी पुण्यातच, दर शनिवारी आम्हा मायलेकींकडे येणार. काम माझ्या आवडीचं: मुलांच्या संरक्षणासाठी नेमलेल्या नव्या कार्यकर्त्यांना शिकवायचं. घरभेट कशी करायची, भेदरलेल्या मुलाशी कसं बोलायचं, मूल घरातून कधी हलवायचं. केंद्राचे प्रमुख एकनाथराव इथलेच, जुन्या मराठी घराण्यातले, बोलता बोलता ‘हो’ऐवजी हौ म्हणतात. कार्यकर्ते मात्र निव्वळ ढ. मी शिकवतेय आणि ते डुलक्या काढतायत. सरळ करीन एकेकाला.

९ जून
आज नाटक करून सराव घेतला. मी झाले मलकपेठची इंदुताई: पिऊन पडते, मुलीला खोलीत कोंडते. कार्यकर्त्यांनी माझ्याकडून मुलगी काढून घ्यायची. मी अशी काही भांडले की झोपाळू मंडळी ताठ बसली.

संपल्यावर त्रिवेणी नावाची कार्यकर्ती उभी राहिली. इथली रीत आहे म्हणे: पात्र झालेल्या माणसाला सगळ्यांनी खऱ्या नावाने हाक मारायची, मगच त्याने खुर्ची सोडायची. माझ्या पोटात कावळे ओरडत होते, बाहेर बिर्याणी आली होती. मी म्हटलं, पुरे हे चोचले, आणि उठले. ती म्हणाली, नक्को मॅडम, हाक मारू द्या आधी. मी ऐकलं नाही. बिर्याणी छान होती.

१२ जून
त्रिवेणीने भर वर्गात मला इंदुताई म्हटलं. खोडसाळपणा, दुसरं काय. मी तिला फैलावर घेतलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मीच शिकवलेल्या मऊ आवाजात म्हणाली, तुमचा राग समजतो मला, इंदुताई. बाकीचे माना डोलवत होते. डोक्यात तिडीक गेली. एकनाथरावांकडे तक्रार केली, तर त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि विचारलं, आज घेतली आहे का.

१६ जून
दुपारी सगळे कार्यकर्ते माझ्या घरी आले. मी शिकवलेली घरभेट, तंतोतंत: चपला दाराबाहेर, आवाज खाली, नजर घरभर. मी हाकलणार तेवढ्यात त्रिवेणीने ईशाच्या खोलीकडे बोट केलं. दाराला बाहेरून कडी होती. सकाळी तिथे कडीच नव्हती. आत ईशा रडत होती.

मी नाही लावली. देवाशपथ, मी नाही.

१७ जून
सारंगला फोन केला. रडत रडत सगळं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, इंदुताई, मुलगी आत्ता कुठे आहे?

खूप भीती वाटते. माझ्या तोंडाला दारूचा वास येतोय. मी आयुष्यात कधी —

१८ जून
आले आहेत. एकनाथरावही. ईशाचं दप्तर भरून ठेवलंय, कोणी —

हात जोडले. म्हटलं, एकदा मला श्रुती म्हणा. कोणी म्हणेना. मी स्वतः सांगते तर समजुतीने बघतात.

ईशाला तरी — तिला विचारलं, बाळा, सांग यांना, तुझी आई कोण.

ती त्रिवेणीच्या मागे लपली. म्हणाली, माझी आई पुण्याला असते. बाबांजवळ.

तिला चपला घालतायत. घाबरून बघते माझ्याकडे, मला घाबरून — ईशा, अगं मी —