झोळीजवळच्या सतरा दुपारी

माय, तू पूर्णेला आमच्या क्वार्टरात सतरा दिवस राहिलीस. तेव्हा मी मोजले नव्हते. तू गेल्यावर मला अर्ध्या अर्ध्या दिवसाची रजा टाकावी लागली आणि शाळेच्या मस्टरवर सही करताना मागची पानं उलटली, तेव्हा कळलं की मधल्या सतरा दिवसांत रविवार सोडून मी निर्धास्तपणे पूर्ण शाळा केली होती. तू रविवारी आलीस. तीन आठवड्यांपूर्वी माझी बाळंतपणाची रजा संपली होती आणि लेकीला सांभाळत मी जेमतेम अर्धी शाळा करत होते. सोनपेठहून एसटीनं परभणी आणि तिथून रेल्वेगाडीनं पूर्णा, असा प्रवास तू आयुष्यात पहिल्यांदा एकटीनं केलास. काखेत बोचकं होतं. दुष्काळ नुकताच सरला होता आणि दुष्काळी कामावर खडी फोडून तुझ्या तळहातांना पडलेल्या भेगा अजून भरल्या नव्हत्या. नातीला घेताना तू हात पदरात गुंडाळलेस. "माजं हात टोचतील तिला," म्हणालीस. मी हसले होते.

लेक पाच महिन्यांची होती आणि तिच्या झोपेनं मला पार जेरीस आणलं होतं. दुपारी झोळीत घालून अर्धा तास हलवावं, तेव्हा कुठं डोळा लागायचा आणि पुढच्या अर्ध्या तासात ती टक्क जागी. मग संध्याकाळपर्यंत नुसती किरकिर. पहाटे साडेचारला पुन्हा उठून बसायची ती बसायचीच. तुझे जावई स्टेशनावर सांधेवाले, रुळांचे सांधे बदलणारे, त्यांची सकाळची ड्यूटी सहाला लागायची, म्हणून मलाही तेव्हाच उठावं लागे. वर्गात डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं. एकदा तिसरीच्या पोरांना एकोणिसाचा पाढा म्हणायला लावला आणि खुर्चीतच मला झोप लागली. जागी झाले तर पोरं आपली शहाण्यासारखी तोच पाढा पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि दारात हेडमास्तर उभे होते. त्या संध्याकाळी मी तुला पत्र टाकलं. गावातल्या गुरुजींनी ते तुला वाचून दाखवलं आणि तू आलीस.

पहिले दोन दिवस तू काहीच केलं नाहीस, नुसती बघत बसलीस. तिसऱ्या दिवशी मी झोळी हलवत होते, लेक रडून लाल झाली होती, आणि तू मागून म्हणालीस, "बाई, तू तिला दमल्यावर निजवायलीस. डोळे चोळायच्या आधी निजव. डोळे चोळायली म्हंजी टाइम निघून गेला. लय दमलेलं लेकरू टिकून झोपत न्हाई."

"माय, असं कुठं असतं? दमलेलं माणूस जास्त झोपतं."

"माणूस झोपतंय. लेकरू न्हाई."

मी डी.एड. झालेली मास्तरीण. बालमानसशास्त्राचा पेपर मी दिला होता. मला तुझं बोलणं पटलं नाही, पण अंगात वाद घालायची ताकद नव्हती. मग तू एकेक गोष्ट बदलत गेलीस. स्टोव्ह उचलून मागच्या पडवीत नेलास. "पाहाटं तुजा स्टो भर्रर करतोय आन तिला वाटतंय दिवस निघाला," असं म्हणालीस. खिडकीवर गोधडी टांगलीस. संध्याकाळी शेजारपाजारचे लोक लेकीला खेळवायला यायचे, त्यांना दिवे लागायच्या आत गोडीगुलाबीनं वाटेला लावू लागलीस. आठवड्याभरात लेक सकाळी सहापर्यंत झोपू लागली आणि दुपारी चांगली दोन दोन तास. सांधेवाला माणूस खूश होता. "सासूबाईंनी काय जादू केली?" असं ते विचारायचे आणि तू पदर तोंडाला लावून हसायचीस.

आता जे लिहायचं आहे ते इतकी वर्षं मी टाळलं. मला तुझा राग येऊ लागला होता, माय. मधल्या सुट्टीत मी धावत घरी येते, लेकीला पाजायला. छाती दुधानं दाटलेली असते. आणि लेक झोळीत गाढ. तू ओठांवर बोट ठेवतेस, "निजू दे. वाटीत काढून ठेव, उठली की चमच्यानं पाजते." मी वाटीत दूध काढते आणि ओलं झालेलं पोलकं पदरानं झाकून शाळेत परत जाते. एक दिवस ती जागी सापडली. मी मांडीवर घेतलं तर दोन घोट पिऊन तिनं मान वळवली. स्वयंपाकघरात तू काहीतरी पुटपुटत होतीस, त्या आवाजाकडं. मी तिची मान धरून पुन्हा आपल्याकडं वळवली, थोडी जोरात. ती रडली. तू आतून आलीस, तिला घेतलंस आणि ती गप्प झाली. तेवढीच गोष्ट. पण त्या दिवशी तासाला माझं लक्ष लागलं नाही.

त्याच सुमाराला पोरांना लस टोचायला दवाखान्यातल्या एक नर्सबाई शाळेत आल्या होत्या. चहा पिताना त्या सांगत होत्या की कामावर जाणाऱ्या बाया लेकरांना अफू चाटवतात, मग लेकरू दोन दोन तास हलत नाही. बाकीच्या बाया हळहळल्या. माझ्या डोक्यात मात्र तेवढे दोन तास रुतून बसले.

मंगळवार होता. शाळा थोडी लवकर सुटली. मी घरात आले तर लेक झोळीत आणि तू खाली बसलेली, एक हात झोळीत. मी सरळ जाऊन लेकीचा पाय हलवला. ती उठली नाही. पुन्हा हलवला.

"का उठवायलीस गं तिला?" तू म्हणालीस.

मी कोपऱ्यातलं तुझं बोचकं सोडलं. दोन लुगडी, फणी, तथागताची छोटी तसबीर आणि एक पत्र्याची डबी. डबीत काळा चकचकीत खडा.

"हे काय आहे?"

"काळा बोळ हाय. पोट फुगलं की उगाळून तिच्या बेंबीभवती लावते."

"किती देतेस तिला?"

"द्यायचा नस्तोय, लावायचा अस्तोय."

"मी अफूचं विचारायले. किती देतेस?"

तुझा चेहरा कसा झाला ते मला सांगता येत नाही. तू झोळीची दोरी धरलीस. "तिचं अंग बघ," म्हणालीस, "श्वास बघ तिचा. अफूवालं लेकरू असं न्हाई निजत, बाई."

"तुला बरं माहीत!"

यावर तू गप्प झालीस, आणि मी तुझ्या गप्प होण्याला कबुली समजले. मग मला कोणी थांबवणार नव्हतं. मी म्हणाले, "तुमच्यात चालत असेल हे. लेकराला गुंगवायचं आणि खडी फोडायला जायचं. हे माझं लेकरू आहे, शिकलेल्या घरातलं." शिकलेलं घर! ते घर तूच शिकवलं होतंस. मी परभणीला वसतिगृहात राहत होते तेव्हा तू दुसऱ्यांच्या रानात वाकून निंदत होतीस. मी ती डबी मोरीत उपडी केली आणि वर बादलीभर पाणी ओतलं. आवाजानं लेक जागी झाली, लख्ख डोळ्यांनी इकडंतिकडं बघून बोळकं पसरून हसली. अफू दिलेलं लेकरू असं उठत नाही, हे कुणालाही कळलं असतं. मी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू बोचकं बांधलंस. हे ड्यूटीवर निघाले होते. "अचानक का निघालात?" त्यांनी विचारलं. "कामं सुरू झाली असत्याल गावाकडं," तू म्हणालीस. निघताना झोळीपाशी थांबलीस, पण आत हात घातला नाहीस. मी स्टोव्ह पेटवण्याचं काही काम नसताना पडवीत स्टोव्हपाशी बसून राहिले.

तू गेल्यावर लेकीची झोप पुन्हा अर्ध्या तासावर आली. मी ह्यांना म्हणाले, "बघा! आता कळलं ना, कशानं झोपत होती ते?" मला तो पुरेसा पुरावा वाटला. शेजारच्या क्वार्टरातल्या बाईंनी दुपारपुरतं लेकीला सांभाळायचं कबूल केलं, आणि महिना-दीड महिन्यानं त्याच एकदा म्हणाल्या, "मास्तरीणबाई, आमच्याच्यानं न्हाई होत तुमच्या मायसारखं."

"म्हणजे कसं?"

"आता तुमाला काय सांगू? दार उघडंच राहायचं, मी रोज बघत होते. लेकरू निजलं की त्या जागच्या हालत नव्हत्या. अर्ध्या तासानं ते चुळबूळ करायचं ना, त्याच्या आधीच त्यांचा हात त्याच्या छातीवर. उचलायच्या न्हाई, हलवायच्या न्हाई, नुसता हात ठेवून हं हं करायच्या. लेकरू डोळे न उघडता परत झोपून जायचं. जेवायलाबी उठत नव्हत्या. मी म्हणायची, भाकरी खाऊन घ्या, तर म्हणायच्या, माजी लेक शाळेतून आली की खाते."

मी घरात आले आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी, रविवारी, लेकीला झोपवून मी तसंच बसून बघितलं. पंचवीस मिनिटांनी तिच्या पापण्या थरथरल्या. मी हात ठेवला, तरी ती उठलीच. तिसऱ्या रविवारी जमलं. ती दीड तास झोपली आणि मी तिथं बसून रडले, पण आवाज न करता, तिची झोप मोडू नये म्हणून.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गावी आले ते तुझी माफी मागायलाच. एसटीत सगळी वाक्यं जुळवली होती. तू अंगणात सातू निवडत होतीस. लेकीला बघून उठलीस, पण घेतलं नाहीस. मी दिल्यावरच घेतलंस. मला भाकरी वाढलीस, वर तेलाची धार. मी जेवत होते. आता बोलेन, हा घास संपला की बोलेन, असं चाललं होतं. तूच विचारलंस, "आता झोपती का दुपारची?"

"झोपते."

"बरं झालं," तू म्हणालीस. आणि माझ्या ताटात आणखी अर्धी भाकरी घातलीस. तिथं बोलायला हवं होतं. तू वाट बघत होतीस की नव्हतीस, मला अजून ठरवता येत नाही. मी म्हणाले, "माय, पुढच्या वेळी ये ना पूर्णेला." तू "येते की" म्हणालीस. आली नाहीस. मीही आणायला आले नाही. शाळा होती, बदलीची धावपळ होती, कारणं खूप होती. लेक चौथ्या वर्षात असताना तू गेलीस. तापाचं निमित्त झालं. मी पोचले तेव्हा तुला बाहेर आणलं होतं.

तुझ्या पुण्यानुमोदनाचा विधी होऊन सगळे पांगल्यावर मावशी माझ्याजवळ येऊन बसली. लेक माझ्या मांडीवर झोपली होती आणि तिच्या छातीवर माझा हात होता, आता तो सवयीनंच जायचा. मावशीनं त्याच्याकडं बघितलं. "अक्का बी असंच करायची," म्हणाली. "तुज्या बाबतीत तर रात न्हाई दिवस न्हाई."

"झोप मोडू नये म्हणून?"

"झोपेचं काय घेऊन बसलीस? श्वास चालू हाय का बघायची ती." मग तिनं सांगितलं. माझ्याआधी तुला एक मुलगी झाली होती. तू रानात कामाला गेलीस, लेकरू सासूजवळ ठेवून. सासूनं ते रडू नये म्हणून अफू चाटवली. ती तुझीच सासू, तिलाही वाईट करायचं नव्हतं, तिच्या सासूनं तेच केलं होतं. दुपारी झोपलेलं लेकरू संध्याकाळी तू पाजायला घेतलंस तेव्हा गार होतं. "अक्कानं त्याच्या मागं कोणाचं बी लेकरू नजरंआड निजू दिलं न्हाई," मावशी म्हणाली. "तुला सांगितलं न्हाई का तिनं कधी?"

नव्हतं सांगितलंस. त्या मंगळवारी सांगू शकली असतीस. एका वाक्यात माझं तोंड बंद झालं असतं. मी "तुला बरं माहीत" म्हणाले तेव्हा तू दोरी धरून बसली होतीस आणि ते वाक्य तुझ्याजवळ होतं. तू ते काढलं नाहीस. मला वाचवायला की तुला त्या लेकराचं नाव माझ्या रागात घ्यायचं नव्हतं म्हणून, मला माहीत नाही. आणि खरं सांगते, मला तेव्हा तरी तू अफू देतेस असं कुठं मनापासून वाटलं होतं? बोळ काय आणि कसला असतो हे मला माहीत होतं. माझ्याच बाळंतपणात तू तो उगाळला होतास. मला फक्त ते दोन तास तुझ्या हातून काढून घ्यायचे होते.

तुझ्या नातीनं तिच्या पहिल्या बाळंतपणात मला विचारलं होतं, "आई, आजी आपल्याकडं कधी राहायला का आली नाही गं?" मी म्हणाले, "तिला पूर्णेला करमत नव्हतं. गाड्यांचा आवाज सहन व्हायचा नाही तिला." तिनं ते खरं मानलं. काल ती तेच आपल्या सुनेला सांगत होती, अगदी माझ्याच शब्दांत. मी शेजारीच बसले होते, शेंगा सोलत. मी पुढची शेंग उचलली.