दीड महिना घागर बंद

औसा

प्रिय अण्णा,

पत्र लिहायचं मी लई दिवस टाळलं. लिहायला बसलं की मला तहान लागते, आणि या दुष्काळात पाणी हुडकत निघालं की पाण्याआधी दुसरं गावच येतं. माहूरहून लिहिणार होतो. तिथं बांगड्यांच्या दुकानात होतो, पण मालक म्हणाला, तू गिऱ्हाइकाशी एवढं बोलत बसतोस की ती बांगड्या न भरताच जाते. मग ट्रकवर क्लीनर झालो. ट्रकवाल्याचंही बोलण्यावरूनच बिनसलं, त्यानं नांदेडात उतरवलं. तिथं डोळ्याच्या दवाखान्याचा जीप ड्रायव्हर मलप्पा भेटला. त्याला भोंग्यावर बोलणारा माणूस पाहिजेच होता. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला 'बोल' म्हणालं.

पण काम नुसतं बोलायचं नाही. आमच्या डॉक्टरीणबाई संशोधन करून राहिल्यात. गावोगाव डोळे तपासले, ज्यांना मोतीबिंदू निघाला त्यांना सांगितलं, ऑपरेशन फुकट आहे, या. निम्मे आलेच नाहीत. ते का आले नाहीत, हे घरोघरी विचारायचं आणि छापील कागदावर खूण करायची: भीती, खर्च, सोबत नाही, माहिती नाही. जिल्हा नवा झाला तरी कागदावर उस्मानाबादच छापलंय, ते खोडून लातूर लिहायचं कामही माझंच. अण्णा, आपली माणसं खुणेत मावत नाहीत. शेषेराव पाटील म्हणाले, "मला समदं दिसतं, तू काळी टोपी घालून आलास." टोपी नव्हती, माझे केस होते. याला कुठली खूण करू?

मग एका गावात कस्तुराबाई भेटली. सून खडी फोडायच्या कामावर गेलेली, ही एकटी बाजेवर. मी भोंग्यावरचं सगळं ऐकवलं, दृष्टी येईल, नातवंडं दिसतील. म्हातारीनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "लेकरा, दिसत न्हाई म्हणून बाजेवर हाय. डोळे आले की घागर आली." खरंच होतं. टँकरच्या रांगेत घरटी एक माणूस दिवसभर उभं पाहिजे, दिसणाऱ्याला सुट्टी नाही. कागदाच्या कडेला मी 'घागर' लिहिलं. पुढच्या गावांतही म्हाताऱ्या तेच सांगायला लागल्या, तेव्हा मी कडेलाच खुणा करत गेलो. बाई ते वाचून हसल्या, आणि मग एकदम हसायच्या थांबल्या.

आमच्या भोंग्यावरच्या माहितीत शेवटी एक ओळ होती, ऑपरेशननंतर दीड महिना वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही. लोक भितील म्हणून मी ती हळूच म्हणायचो. बाई म्हणाल्या, उद्यापासून तीच आधी म्हण. मी भोंग्यावर घेतलं, "डॉक्टरांचा हुकूम, दीड महिना घागर बंद." अण्णा, जीपच्या टपावरही बसायला जागा उरली नाही. डोळे धडधाकट असलेल्याही आल्या. एकीला बाईंनी सुईत दोरा ओवायला सांगितला, तर ती मुद्दाम सुईच्या बाजूनं ओवत राहिली. तुझे डोळे छान आहेत म्हटल्यावर रडत परत गेली. बाई आता हे सगळं लिहून पाठवणार आहेत, पण म्हणतात, मुंबईच्या डॉक्टरांना घागर समजावून द्यायला आधी एक पान जाईल.

आता खरं सांगतो. संक्रांतीला मी घरी आलो, तेव्हा अव्वा ओट्यावर होती. मी पुढ्यात उभा, आणि ती म्हणते, "कोण आलंय बाबा? थोरला लेक दुकानात हाय." मला वाटलं, लई दिवसांनी आलो म्हणून टोमणा मारतेय. मीही रुसलो, चहा पिऊन निघालो. आता रोज तपासताना बॅटरी धरतो. डोळ्याच्या बाहुलीत दुधाचा थेंब सांडल्यासारखं दिसतं, अव्वाच्या डोळ्यांत तसंच होतं. तेव्हा तू म्हणाला होतास, तिला चांगलं दिसतं, पाणी आणते की. पायाला वाट पाठ आहे म्हणून आणते रे. दिसत नाही असं कबूल केलं तर घरात आपलं काय काम उरलं, असं तिला वाटत असणार. बाई म्हणतात, मोतीबिंदू फार पिकला की डोळा ठणकतो, मग ऑपरेशन करूनही दिसेल याचा भरवसा नाही. इथलं ऑपरेशनचं शिबिर संपत आलंय. दुकान दोन दिवस बंद ठेव आणि तिला घेऊन ये, एवढ्यासाठीच हे पत्र लिहायला बसलो.

एवढं लिहिलं आणि आपल्या उदगीरकडची जीप आली. बाया उतरल्या. सगळ्यांत शेवटी आपली दानम्मा वैनी, आणि तिचा हात धरून अव्वा. वैनीनं टँकरच्या रांगेत घागरबंदीचं ऐकलं म्हणे. तुला विचारलं असतं तर तू 'बाजार झाल्यावर बघू' म्हणाला असतास, म्हणून शेजारी निरोप ठेवून निघाली. अव्वा आत्ता बाईंसमोर बसून सांगतेय, "मला समदं दिसतं, सुनेचा हट्ट म्हणून आले." बाईंनी बोटं दाखवून विचारलं, किती आहेत? तर म्हणाली, "हायेत की पुरेशी." ऑपरेशन उद्या ठरलं. तू यायची गरज नाही, वैनी सोबतीला राहणार आहे. हे पत्र मलप्पाजवळ देतोय. वैनीचा तुला निरोप आहे: टँकर शाळेपाशी थांबतो, उजाडायच्या आधी जाऊन नंबर लाव, घागरीखालची चुंबळ चुलीमागं आहे.

तुझाच,
संगप्पा