ताईसाठी घेतलेली स्लीपिंग बॅग

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझी तब्येत उत्तम असेलच. (ती नेहमीच उत्तम असते. याबद्दल आजवर मी कधी तक्रार केली नव्हती.) भावजींचा खोकला काय म्हणतो? इकडे आम्ही दोघं बरे आहोत. हिचा चष्मा बदलला, त्यामुळे माझ्या शिलाईतल्या चुका तिला पुन्हा दिसायला लागल्या आहेत.

तर आमची लेक पुढच्या महिन्यात तुला चार रात्री दलदलीवर पक्षी मोजायला नेणार, हे मी तुला काय सांगायचं, तिनं तुलाच विचारलंय. मला फोनवर एवढंच म्हणाली, "बाबा, आत्यासाठी एक उबदार स्लीपिंग बॅग बघा. तुम्हाला कापडातलं कळतं." तीन वर्षांत तिनं माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. (शिलाईचं दुकान सोडून तिनं पक्ष्यांची नोकरी धरली, तेव्हा मी म्हणालो होतो, "मोजले नाहीत तर पक्षी काय उडायचे थांबणार आहेत?" तेव्हा मला ते फार विनोदी वाटलं होतं. त्यानंतर आमचं बोलणं म्हणजे "जेवलीस का?" आणि "थांब, आईला देतो.") तेव्हा बॅगेत चूक होऊन चालणार नव्हती.

दुकानात गेलो. समोर भिंतभर बॅगा लटकलेल्या. दुकानदार म्हणाला, आत बदकाच्या पोटाची लव असते, आणि प्रत्येक बॅगेवर ती किती फुगते याचा आकडा असतो. मी विचारलं, हा आकडा काढतात कसा? तर म्हणे, ठरावीक वजनाची लव काचेच्या नळकांड्यात घालायची, वर हलकी तबकडी ठेवायची आणि ती किती वर येते ते बघायचं. ताई, चाळीस वर्षं मी कापूस, लोकर, अस्तर हाताळतोय, पण हे मोजायचं माझ्या डोक्यात कधी आलं नाही! पुढे कळलं, थंडीचेही दोन आकडे असतात. एक, ज्यात साधारण बाई आरामात झोपते. दुसरा, ज्यात साधारण पुरुष अंगाचं मुटकुळं करून कशीबशी रात्र काढतो. (मी दोन्ही टिपून घेतले. उगीच, माहिती म्हणून.) पण खरी मेख पुढे आहे. ही लव भिजली की तिचा लगदा होतो आणि ऊब संपली. दलदलीवर तर पाऊस! म्हणून लवेवर पाणी न धरणारी प्रक्रिया केलेली हवी आणि बाहेरचं कापड घट्ट विणीचं हवं.

एवढ्यावर शहाण्या माणसानं बॅग घेतली असती. पण बाहेरून टाके आरपार घातलेत की आत कापडी भिंती उभ्या करून खण केलेत, हे मला कळेना. आरपार टाका असेल तर तिथूनच गारवा शिरणार ना! आता शिंप्याच्या खिशात उसवणी असते आणि हाताला सवय असते. दोन बोटं शिवण उसवून मी आत डोकावलो. (आत भिंती आहेत, आणि काय सुरेख आहेत!) तेवढ्यात दार उघडून कुणी गिऱ्हाईक आलं, वारा शिरला, आणि दुकानदाराच्या भुवयांना लव चिकटली. मी तिथंच बसून शिवण अशी घातली की मूळची कुठली ते त्याला ओळखता येईना. तरी बॅग विकत घ्यावीच लागली.

घरी आल्यावर परीक्षा. मी अंगणात बॅगेत शिरलो, आणि हिला झारीनं पाणी घालायला सांगितलं. हिनं अर्धा तास घातलं, तेही एकाच कुंडीला घालावं तसं, तोंडावर. बाहेरचं पाणी ओघळून गेलं, पण गळ्यापाशी आतून ओल! कुतूहलानं जीव कासावीस झाला. शेवटी उमगलं, पाणी चुकवायला तोंड आत घेऊन मी श्वास सोडत होतो, ती वाफ होती. म्हणजे पावसापेक्षा आपलाच श्वास बॅग जास्त भिजवतो. नाक बाहेर ठेवून झोपायचं आणि सकाळी बॅग झटकून वाळवायची, एवढं ध्यानात ठेव.

बाकी क्षेम. भावजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. बॅग माझ्या उंचीची आहे. तुला पायाशी हातभर रिकामी राहील, आणि रिकाम्या जागेत थंडी साचते असं दुकानदार म्हणाला. तुझ्या मापाची होती. मी घेतली नाही.

ता. क. २. आता स्पष्टच लिहितो. तुझा गुडघा अचानक दुखायला लागलाय, असं तिला कळवशील का? आणि "बाबांना ने" असं आपणहून सुचवल्यासारखं कर. तिनं मला विचारलं नाही, ताई. विचारेल तरी कशी? पण मला तिचे पक्षी बघायचे आहेत. ती कशी मोजते ते बघायचंय.

ता. क. ३. हिनं पत्र वाचलं. म्हणाली, नणंदबाईंना कशाला मध्ये घालता, पोरीला सरळ फोन करा. केला. पाऊण तास बोललो! लव, खण, झारी, सगळं सांगितलं. ती इतकी हसली की मध्ये फोन तिच्या हातून पडला. मला येऊ देशील का, हे विचारायचं तेवढं धाडस झालं नाही. तेव्हा पत्र टाकतोच आहे. गुडघ्याचं लवकर बघ.